रात्रीच्या आकाशातील मंद नैसर्गिक प्रकाश कसे पाहावेत

चंद्र नसलेल्या रात्री, वस्तीपासून दूरच्या जागीही आकाश पूर्ण काळे नसते. ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या भागातही एक मंद उजेड असतो. आकाशगंगेतील सुटे न दिसणारे असंख्य तारे त्याला हातभार लावतात, पण ते वगळले तरी दोन मोठे स्रोत उरतात. पहिला स्रोत म्हणजे सूर्यमालेच्या आतल्या भागात पसरलेल्या सूक्ष्म धुळीवरून विखुरला जाणारा सूर्यप्रकाश, आणि दुसरा म्हणजे आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरांतून रात्रभर बाहेर पडणारी दीप्ती. धुळीचा प्रकाश तीन रूपांत दिसतो: क्षितिजावरून वर चढणारा शंकू, ज्याला राशिचक्रीय प्रकाश किंवा झोडिॲकल लाइट म्हणतात, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला उमटणारा अंडाकृती डाग, म्हणजे प्रतिप्रकाश किंवा गेगेनशाइन, आणि या दोहोंना जोडणारा फिकट पट्टा. वातावरणाच्या दीप्तीला वायुदीप्ती किंवा एअरग्लो हे नाव आहे.

या सगळ्यांसाठी दुर्बीण उपयोगाची नाही. शंकूची लांबी साठ-सत्तर अंशांपर्यंत जाते, प्रतिप्रकाशही दहा अंशांहून मोठा असू शकतो, आणि दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र त्या मानाने इतके लहान असते की तिच्यातून या प्रकाशाचा एक सपाट तुकडा तेवढा दिसेल, त्याचा आकार कळणार नाही. उघडे डोळे हेच इथले योग्य साधन आहे. नवखा निरीक्षक सहसा अडतो तो प्रकाश अंधुक असल्यामुळे नव्हे, तर त्याला कडा नसल्यामुळे. राशिचक्रीय प्रकाशाचा क्षितिजालगतचा भाग चांगल्या जागेवरून आकाशगंगेहूनही उजळ असतो, तरीही अनेक जण त्याच्याकडे पाहत असतानाच तो दिसत नसल्याचे सांगतात, कारण आपण नकळत एखादी रेषा, ठिपका किंवा सीमा शोधत असतो. म्हणून या निरीक्षणाची सारी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: आकाशाच्या एका भागाच्या उजेडाची शेजारच्या भागाशी तुलना करण्याची सवय. प्रकाश कुठे असायला हवा हे आधी जाणून घ्यावे, त्याच्या दोन्ही बाजूंचे आकाश पाहावे, आणि मधला भाग त्यांच्याहून उजळ आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

रात्र आणि जागा

चंद्राच्या बाबतीत तडजोड करता येत नाही. चंद्रकोरही आकाशात असेल तर प्रतिप्रकाश आणि पट्टा हमखास बुडून जातात. मात्र केवळ अमावास्येचीच रात्र हवी असेही नाही, कारण आपल्याला हवी असलेली वेळ चंद्ररहित असली की पुरते. संध्याकाळच्या निरीक्षणासाठी कृष्ण पक्षातील तृतीया-चतुर्थीपासून अमावास्येपर्यंतचे, फार तर शुक्ल प्रतिपदेपर्यंतचे दिवस धरावेत, कारण त्या काळात चंद्र उशिरा उगवतो किंवा सूर्यामागोमाग लगेच मावळतो. पहाटेच्या निरीक्षणासाठी हिशेब उलटा होतो. अमावास्येपासून शुक्ल एकादशी-द्वादशीपर्यंत चंद्र पहाटेपूर्वी मावळलेला असतो आणि पूर्वेचे आकाश मोकळे मिळते. मध्यरात्री दिसणाऱ्या प्रतिप्रकाशासाठी मात्र अमावास्येच्या आगेमागेचे चार-पाच दिवस सर्वांत सोयीचे.

दुसरी अट संधिप्रकाशाची आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खगोलीय संधिप्रकाश संपतो आणि खरी रात्र सुरू होते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासात हे घडते. अक्षांश वाढत जाईल तसा हा काळ लांबतो, आणि सुमारे ४८.५ अंशांच्या पलीकडे उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर सूर्य रात्रभरात १८ अंश खाली जातच नाही. अशा ठिकाणी त्या दिवसांत हे निरीक्षण हाती घेऊ नये.

जागा निवडताना ती किती अंधारी आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेला अंधारी आहे हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोठ्या शहराच्या दिव्यांचा घुमट पन्नास किलोमीटरवरूनही क्षितिजावर स्पष्ट दिसतो. संध्याकाळी पश्चिमेला पाहायचे असेल तर शहर पूर्वेला असावे, आणि पहाटेसाठी याच्या उलट. त्यामुळे एकाच निरीक्षकाने दोन ऋतूंसाठी दोन वेगळ्या जागा निवडणे स्वाभाविक आहे. क्षितिज शक्य तितके खाली आणि मोकळे असावे. हवा कोरडी आणि धूळरहित असली पाहिजे, कारण धुक्याचा किंवा धुराचा पातळ थरही मंद प्रकाश शोषतो आणि दूरच्या दिव्यांचा उजेड पसरवतो. पाऊस पडून गेल्यानंतर निरभ्र झालेली रात्र किंवा समुद्रसपाटीपासून उंचावरची जागा या दृष्टीने उत्तम असते.

जागेची पारख करण्यासाठी यंत्र लागतेच असे नाही. आकाशात एखादा विरळ ढग असेल तर त्याच्याकडे पाहावे: दिव्यांचा उजेड पोहोचणाऱ्या जागी ढग आकाशाहून उजळ दिसतो, तर खऱ्या अंधाऱ्या जागी तो ताऱ्यांमध्ये पडलेल्या काळ्या भोकासारखा दिसतो. देवयानी दीर्घिका नजर न रोखताही दिसते का, पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ धुरकट ठिपक्यासारखा ओळखता येतो का, आणि त्रिकोण तारकासमूहातील दीर्घिका तिरप्या नजरेने जाणवते का, या तीन चढत्या कसोट्या आहेत. पहिल्या दोन जमल्या तर राशिचक्रीय प्रकाश दिसायला हरकत नाही. तिसरी जमली तर प्रतिप्रकाशाची आशा धरावी. अमेरिकी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिच्यातही हे मंद प्रकाश दिसतात की नाहीत हाच वरच्या पायऱ्यांचा एक मुख्य निकष आहे. आकाशाची दीप्ती मोजणारे हातात मावणारे मापक वापरत असाल, तर नैसर्गिक अंधाराचे मूल्य दर चौरस कोनसेकंदाला सुमारे २२ प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका अंधार अधिक) इतके येते, आणि ते २१.५ च्या वर असल्याशिवाय प्रतिप्रकाशाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

डोळ्यांची तयारी

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी अंधारात दहाएक मिनिटांत त्यांच्या मर्यादेपर्यंत सरावतात, पण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींमधील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य पुरेसे साठण्यास तीस ते चाळीस मिनिटे लागतात. एवढा वेळ पूर्ण अंधारात घालवल्याशिवाय निरीक्षणाला सुरुवात करू नये. मोबाइलच्या पडद्यावर टाकलेली एक नजर ही तयारी बऱ्याच अंशी पुसून टाकते आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. नकाशा किंवा वही पाहण्यासाठी गडद लाल आणि अतिशय मंद दिवा वापरावा. लांब तरंगलांबीच्या लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत, पण लाल दिवाही तेजस्वी असेल तर त्याचा उपयोग उरत नाही. त्या दिवशी दुपारी कडक उन्हात फिरावे लागणार असेल तर काळा चष्मा लावावा, कारण दिवसाच्या प्रखर उजेडाचा परिणाम रात्रीच्या दृष्टीवर काही तास टिकतो.

पडद्याच्या ज्या मध्यबिंदूने आपण अक्षरे वाचतो तिथे दंडपेशी नसतातच, आणि त्यांची दाटी मध्यापासून पंधरा-वीस अंश दूर सर्वाधिक असते. म्हणून मंद वस्तूकडे थेट न पाहता तिच्या बाजूला नजर ठेवून तिचा वेध घ्यावा. राशिचक्रीय प्रकाशासारख्या विशाल गोष्टींसाठी याला आणखी एक जोड द्यावी लागते, ती नजर हलती ठेवण्याची. दृष्टी एका जागी खिळली की न बदलणारे मंद दृश्य हळूहळू जाणिवेतून नाहीसे होते, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच नोंदवले होते. त्यामुळे मान सावकाश डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे वळवत क्षितिजाला समांतर नजर फिरवावी. उजळ भागावरून नजर जाताना होणारा बदल डोळ्याला स्थिर दृश्यापेक्षा कितीतरी चांगला जाणवतो, आणि दोन-तीन फेऱ्यांमध्ये शंकूच्या दोन्ही बाजू आपोआप लक्षात येऊ लागतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत, म्हणून या साऱ्या प्रकाशांचे रंग डोळ्याला राखाडी पांढरेच दिसतील, हे आधीच मान्य करून निघावे.

राशिचक्रीय प्रकाश

सुरुवात याच प्रकाशापासून करावी, कारण तो या कुटुंबातील सर्वांत उजळ आहे आणि त्याच्यामुळे डोळ्याला नेमके काय शोधायचे ते उमगते. पृथ्वीच्या कक्षेच्या आतबाहेर, मुख्यतः ग्रहांच्या कक्षांच्या पातळीलगत, मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढ्या कणांचा एक विरळ, चपटा मेघ पसरलेला आहे. धूमकेतूंनी मागे सोडलेली आणि लघुग्रहांच्या टकरींतून उडालेली ही धूळ आहे. सूर्यप्रकाशाच्या परिणामामुळे हे कण आपली कक्षीय गती हळूहळू गमावून सूर्याकडे ओढले जातात, त्यामुळे मेघ टिकून राहायचा तर त्यात सतत नवी धूळ पडावी लागते. जियोव्हानी डोमेनिको कॅसिनी यांनी १६८३ मध्ये या प्रकाशाची पद्धतशीर निरीक्षणे केली आणि त्याचा संबंध सूर्याभोवतीच्या द्रव्याशी जोडला. त्यांचे सहकारी निकोला फात्यो यांनी पुढच्याच वर्षापासून ते काम चालू ठेवले. विजेचे दिवे सोडा, रस्त्यावरचे वायूचे दिवेही नसलेल्या त्या काळात त्यांना शहरातूनही हे पाहता आले असेल, याचा विचार आजच्या निरीक्षकाने अवश्य करावा.

धूळ क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गाच्या, आसपास असल्यामुळे हा शंकू नेहमी क्रांतिवृत्तावरच आडवा-उभा होतो. संध्याकाळी किंवा पहाटे क्रांतिवृत्त क्षितिजाशी किती कोन करते यावर सारे अवलंबून आहे. कोन मोठा असेल तर शंकू उभा राहतो आणि क्षितिजालगतच्या गढूळ हवेच्या वर येतो. कोन लहान असेल तर तो क्षितिजावर लोळतो आणि दिसत नाही. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत सूर्यास्तानंतर पश्चिमेला, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सूर्योदयापूर्वी पूर्वेला हा कोन सर्वांत मोठा असतो. दक्षिण गोलार्धात संध्याकाळसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि पहाटेसाठी मार्च ते मे हा काळ चांगला. ५० अंश अक्षांशावर हा कोन वर्षभरात सुमारे १६ ते ६३ अंश असा बदलतो, म्हणजे तिथे ऋतू चुकला तर सारेच चुकते. २० अंशांवर मात्र तो सुमारे ४६ अंशांपेक्षा कमी कधीच होत नाही आणि योग्य महिन्यांत क्रांतिवृत्त जवळजवळ काटकोनात उभे राहते. म्हणून कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशातील निरीक्षक या बाबतीत भाग्यवान आहेत, त्यांना अंधारी जागा मिळाली तर वर्षातील बहुतेक महिन्यांत हा प्रकाश पाहता येतो.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. मार्च महिन्यात चंद्र नसलेल्या संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वीच जागेवर पोहोचावे आणि सूर्य नेमका कोठे मावळला ते क्षितिजावरील एखाद्या खुणेने लक्षात ठेवावे. संधिप्रकाशाचा घुमट क्षितिजाला लागून आडवा पसरतो आणि मिनिटागणिक खाली खचत जातो. तो खचत असताना त्यातूनच वर एक निमुळता उजेड शिल्लक राहतो, जो खचत नाही. सूर्यास्तानंतर सव्वा ते दीड तासाने हा उजेड स्वतंत्र शंकू म्हणून ओळखता येतो. त्याचा पाया क्षितिजावर वीस ते तीस अंश रुंद असतो आणि मेष राशीवरून त्याचे टोक कृत्तिकांच्या दिशेने चढत जाते. कृत्तिकांच्या आधी तो संपतो की त्यांच्याही पुढे जातो, हे त्या रात्रीच्या आकाशाची प्रत सांगणारे उत्तम माप आहे. ऑक्टोबरच्या पहाटे याच रीतीने सिंह राशीतून कर्क राशीकडे चढणारा शंकू शोधावा. मघा तारा तेव्हा जवळजवळ त्याच्या अक्षावर असतो. मला स्वतःला पहाटेचा शंकू अधिक आवडतो, कारण रात्रभरात हवेतील धूळ बसलेली असते, वस्तीतील बरेच दिवे विझलेले असतात आणि झोपेतून उठून थेट अंधारात आलेल्या डोळ्यांना वेगळी तयारी फारशी करावी लागत नाही. पहाटे संधिप्रकाश सुरू होण्याच्या तासभर आधी जागेवर असावे. हा प्रकाश खऱ्या पहाटेच्या आधी येतो आणि पहाटेसारखाच भासतो, म्हणून इस्लामी परंपरेत त्याला खोटी पहाट मानून आडव्या पसरणाऱ्या खऱ्या पहाटेपासून वेगळे काढले गेले आहे. उभा उजेड आणि आडवा उजेड हा त्या परंपरेने धरलेला भेद आजही निरीक्षकाला तितकाच कामाचा आहे.

फसगत होण्याच्या जागा तीन आहेत. शहराच्या दिव्यांचा घुमट सममित असतो, जागचा हलत नाही आणि तारे त्याच्यामागून सरकत जातात. राशिचक्रीय प्रकाश मात्र ताऱ्यांबरोबर तासाला पंधरा अंश या गतीने मावळतो किंवा उगवतो, त्यामुळे अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले की संशय मिटतो. आकाशगंगेचा पट्टा ओबडधोबड असतो, त्याला गाठी आणि काळ्या फटी असतात, तर शंकूचा उजेड अगदी एकसारखा असतो. तिसरी अडचण शुक्राची: तो शंकूच्या आतच असला तर त्याच्या झगमगाटाने शेजारचा मंद उजेड हरवतो, आणि अशा वेळी एखादे झाड किंवा खांब शुक्रावर आड घेऊन पाहावे.

प्रतिप्रकाश आणि पट्टा

इथे काम कठीण होते आणि खरे सांगायचे तर अधिक गोडही होते. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असलेले धूलिकण आपल्याला पूर्ण उजळलेल्या बाजूने दिसतात आणि त्यांच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात, त्यामुळे तेवढा भाग शेजारच्या आकाशाहून किंचित उजळ होतो. फ्रेंच ज्योतिर्विद एस्प्री पेझना यांनी १७३० मध्ये याची नोंद केली, अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात तो पाहिला, आणि थिओडोर ब्रॉर्सन यांनी १८५४ मध्ये त्याचा पहिला सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. हा उजेड पृथ्वीच्याच मागे साठलेल्या धुळीचा किंवा वायूचा असावा, असे बराच काळ मानले जाई. १९७२ मध्ये निघालेल्या पायोनियर १० या यानाला पृथ्वीपासून फार दूर गेल्यावरही तो सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच दिसला, आणि तो साऱ्या धूलिमेघाचा गुणधर्म आहे हे निश्चित झाले. त्याच यानाने असेही दाखवले की सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३.३ पटींच्या पलीकडे हा धुळीचा प्रकाश जवळजवळ संपतो.

प्रतिप्रकाश शोधण्यासाठी त्या रात्री सूर्याच्या विरुद्ध बिंदू ताऱ्यांमध्ये कोठे येतो हे आधी नकाशावर काढावे. जून-जुलैमध्ये हा बिंदू आकाशगंगेच्या सर्वांत दाट भागात आणि डिसेंबर-जानेवारीत तिच्या दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे ते महिने सोडून द्यावेत. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो मघेजवळ असतो आणि एप्रिलच्या मध्यावर चित्रेजवळ पोहोचतो; दोन्ही तारे त्याच्या मानाने फार तेजस्वी असल्यामुळे यांच्या मधला, म्हणजे मार्चचा काळ मी निवडेन. सप्टेंबरच्या अखेरीस तो भाद्रपदांच्या चौकोनाच्या दक्षिणेला, मीन राशीतील फिकट ताऱ्यांमध्ये असतो, आणि ती जागा बहुधा वर्षातील सर्वांत योग्य आहे, मात्र तिथे त्या वर्षी एखादा तेजस्वी ग्रह आलेला नसावा. वेळ स्थानिक मध्यरात्रीची घ्यावी. ती घड्याळातील बारा वाजता असेलच असे नाही, तर सूर्यास्त आणि पुढचा सूर्योदय यांचा मध्य काढून ती ठरवावी, कारण तेव्हाच तो बिंदू आकाशात सर्वांत उंच असतो.

त्या जागेकडे थेट टक लावू नये. वीस-तीस अंशांच्या परिसरावरून नजर सावकाश फिरवत राहावे आणि कोठे उजेड किंचित दाट होतो ते जाणवू द्यावे. पाहण्यापूर्वीच जागा ठाऊक असल्यामुळे मन तिथे उजेड निर्माण करण्याची शक्यता असते, आणि या निरीक्षणात हा धोका खरा आहे. त्यावर उपाय असा की सोबत्याला अचूक जागा न सांगता, या भागात कोठे उजळ वाटते का, असे विचारावे आणि दोघांनी आपापल्या वहीत स्वतंत्रपणे ताऱ्यांच्या संदर्भाने रेखाटन करावे. पंधरवड्यानंतर पुन्हा पाहिले तर खरा प्रतिप्रकाश ताऱ्यांमधून सुमारे पंधरा अंश पूर्वेला सरकलेला असतो. तेवढा सरकलेला आढळला, तर आपण जे पाहिले ते खरे होते याची खात्री पटते.

प्रतिप्रकाशापासून दोन्ही बाजूंना क्रांतिवृत्ताला धरून जाणारा पट्टा त्याच्याहूनही अंधुक आहे. त्याच्यासाठी वेगळी पद्धत नाही. नजर क्रांतिवृत्ताला काटकोनात, उत्तर-दक्षिण फिरवावी आणि उत्तम रात्रीची वाट पाहावी.

वायुदीप्ती

दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या वातावरणातील ऑक्सिजनचे रेणू फोडतात. रात्री हे सुटे अणू पुन्हा जुळतात आणि त्यातून मोकळी होणारी ऊर्जा काही अणूंमार्फत प्रकाश म्हणून बाहेर पडते. सुमारे ९५ ते १०० किलोमीटर उंचीवर ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निघतो, २५० ते ३०० किलोमीटरच्या आसपास ६३० नॅनोमीटरचा लाल, आणि ८५ ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात हायड्रॉक्सिलचा लाल ते अवरक्त आणि सोडियमचा पिवळा प्रकाश. तिथले सोडियम वातावरणात शिरून जळणाऱ्या अवकाशीय धुळीतून येते, म्हणजे राशिचक्रीय प्रकाश देणाऱ्या मेघाचाच काही भाग अखेर इथेही आपला हातभार लावतो. स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांना १८६८ मध्ये ध्रुवीय प्रकाशातील (ऑरोरातील) हिरवी रेषा ध्रुवीय प्रकाश नसतानाही आकाशभर आढळली, तेव्हा या दीप्तीचा पहिला पुरावा हाती आला.

वायुदीप्ती साऱ्या आकाशभर असते, त्यामुळे तिला शोधण्यापेक्षा तिच्यातील फरक शोधावेत. क्षितिजाकडे पाहताना आपली नजर दीप्तिमान थराला तिरपी छेदते आणि अधिक जाडीतून जाते, म्हणून क्षितिजाच्या वर दहा ते पंधरा अंशांवर आकाश डोक्यावरच्या आकाशाहून उजळ असते; त्याहून खाली हवेतील शोषणामुळे ते पुन्हा काळवंडते. हा उजळ कडा सर्व दिशांना सारखा आढळला तर तो वायुदीप्तीचा, आणि एकाच दिशेला असेल तर बहुधा दिव्यांचा. काही रात्री दीप्तीत रुंद पट्टे किंवा लाटा दिसतात. खालच्या वातावरणातील वादळे आणि पर्वतांवरून वाहणारे वारे हवेत जे तरंग उठवतात, ते त्या उंचीपर्यंत पोहोचल्याचे हे चिन्ह असते. हे पट्टे काही मिनिटांत जागा बदलतात. त्यांना विरळ ढग समजण्याची चूक टाळण्यासाठी त्यांच्यामागचे तारे पाहावेत: ढगातून ते मंदावतात, वायुदीप्तीतून नाही.

ध्रुवीय प्रकाशाविषयी इथे थोडकेच पुरे. मध्यम अक्षांशांवर तीव्र भूचुंबकीय वादळाच्या रात्री तो ध्रुवाच्या दिशेच्या क्षितिजावर रंगहीन कमानीसारखा किंवा उभ्या, सावकाश सरकणाऱ्या किरणांसारखा दिसतो, आणि मे २०२४ मधील वादळात एरवी तो न दिसणाऱ्या कमी अक्षांशांवरूनही कॅमेऱ्यांनी त्याची लाल छटा टिपली. अशा वादळाची सूचना असेल त्या रात्री वायुदीप्ती समजून घेतलेला पट्टा पुन्हा तपासून पाहावा.

छायाचित्र आणि नोंद

कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. १४ ते २४ मिलिमीटरचे रुंद भिंग, एफ २.८ किंवा त्याहून मोठे छिद्र, आयएसओ १६०० ते ६४०० आणि पंधरा ते पंचवीस सेकंदांचा उघडीप-काळ यांपासून सुरुवात करावी. चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत आणि श्वेत संतुलन सुमारे ४००० केल्व्हिनवर स्थिर ठेवावे, कारण स्वयंचलित संतुलन वायुदीप्तीचा हिरवेपणा दोष समजून काढून टाकू शकते. रुंद भिंगांच्या चित्रात कोपरे काळवंडतात आणि मध्य उजळ राहतो, त्यामुळे मध्यभागी ठेवलेला प्रतिप्रकाश भिंगाच्या या दोषापासून वेगळा काढता येत नाही. तो नेहमी चित्राच्या मध्यापासून दूर ठेवावा आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे चित्र घेऊन ही तफावत दुरुस्त करावी. प्रक्रिया करताना पार्श्वभूमी सपाट करणारी साधने जपून वापरावीत, कारण ती आपल्याला हवा असलेला मंद उतारच पुसून टाकतात.

डोळ्यांनी पाहिलेल्याची नोंद चित्र उघडण्यापूर्वी पूर्ण करावी, नाहीतर कॅमेऱ्याने दाखवलेले आपणच पाहिले असे वाटू लागते. नोंदीत तारीख, वेळ, अक्षांश, सूर्यास्तापासून किंवा सूर्योदयापर्यंतचा अवधी, क्षितिजाजवळील हवेची स्थिती, सर्वांत अंधुक दिसलेला तारा आणि आसपासचे तेजस्वी ग्रह असावेत. शंकूचे टोक कोणत्या ताऱ्यापाशी संपले, त्याची रुंदी कोणत्या दोन ताऱ्यांच्या अंतराएवढी होती आणि त्याचा सर्वांत उजळ भाग आकाशगंगेच्या कोणत्या भागाइतका उजळ होता, हे लिहावे. राशिचक्रीय प्रकाश वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याच्या नोंदींतील फरक बहुतांशी आकाशाचा आणि निरीक्षकाचा असतो. वायुदीप्ती मात्र रात्रीगणिक आणि अकरा वर्षांच्या सौरचक्रानुसारही बदलते. सूर्य अधिक सक्रिय असलेल्या वर्षांत ती वाढते आणि साऱ्या आकाशाचा अंधार कमी करते, त्यामुळे निरनिराळ्या वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवताना सूर्याची त्या वेळची सक्रियताही लिहून ठेवणे आवश्यक आहे.